गाळणकागदाला लागलेलं

फोरमन अल्कोहोल बनवतो, असं त्याच्या गल्लीत कुणीतरी एकदा ऐकलं आणि तेव्हापासून त्याची सुटका नव्हती. समोरचा न्हावी अजूनही अधूनमधून रिकामी बाटली उंच करून डोळा मिचकावत असे. सुरुवातीला फोरमनने समजावून पाहिलं, की बाबा रे, हे प्यायचं नाही, हे साबणात जातं, अत्तरात जातं, रंगात जातं. प्यायलास तर डोळे घालवून बसशील. मग त्याने समजावणं सोडून दिलं. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला बऱ्याच गोष्टींचा कंटाळा येतो, आणि फोरमनला तर हल्ली चपला पायात सरकवायचाही कंटाळा येई.

तसा तो आता फोरमनही राहिला नव्हता. रंगाच्या कारखान्यात होता तेव्हा होता. कारखाना बंद पडला, माणसं चार दिशांना पांगली, हा एका संशोधन संस्थेच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून चिकटला आणि नाव तेवढं त्याच्या मागोमाग आलं. कारखान्यातून त्याने घरी आणलेली वस्तू एकच: भंगारात निघालेली पितळी वजनांची लाकडी पेटी. दोन किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंतची वजनं, प्रत्येकाला मखमलीचा वेगळा खळगा. बायको म्हणाली होती, "लोक कारखान्यातून निवृत्तीचं घड्याळ आणतात, तुम्ही वजनं आणलीत." पेटी कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेली ती तिथेच राहिली.

आणखी एक गोष्ट त्याने आणली होती, ती दिसणारी नव्हती. वस्तादाची शिकवण. त्याला ज्या वस्तादाने घडवलं, तो एकच वाक्य उठताबसता ऐकवायचा: "कमी भरलेली खेप चढवायची नाही." रसायनाच्या मोठ्या भांड्यातून जे गळेल, चिकटेल, सांडेल तेवढी भर घालायची, काटा बरोबर आकड्यावर आणायचा आणि मगच खालची वाफ सोडायची. तिथे ती लबाडी नव्हती. तिथे ती शिस्त होती, आणि ती न पाळणाऱ्याच्या पाठीत वस्तादाचा हात बसे.

लॅबमधलं काम म्हटलं तर साधं होतं. ऑलिफिन म्हणून एक पातळ, उग्र वासाचं तेलासारखं द्रव्य असतं, खनिज तेलातून निघणारं. त्याचं आणि पाण्याचं जन्मात जमत नाही. ढवळा, तापवा, पाया पडा, दोघं वेगळे ते वेगळेच. पण धातूची एक काळपट पूड त्यात टाकली, पोलादी भांड्यात कोंडून दाब आणि आच दिली, की पाच तासांत ऑलिफिन पाण्याला धरतं आणि त्याचं अल्कोहोल होतं. पुडीचं स्वतःचं काही होत नाही. ती मध्यस्थ. मध्यस्थाचं काही जात नसतं, असं निदान मध्यस्थ तरी सांगतात.

ही पूड मॅडमची. मॅडम चाळिशीच्या, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा केसांत, आणि दोन्ही शोधत असायच्या. सहा वर्षं त्या या एका पुडीमागे होत्या. धातू महाग, एकदा वापरून फेकायची तर कुणालाच झेपणार नाही. मॅडमचं म्हणणं होतं की ही पूड गाळून, धुऊन, वाळवून परत वापरता येते. आणि एकदा-दोनदा नाही, बारा वेळा. बारा फेऱ्या, आणि बाराव्या फेरीलाही पहिल्या फेरीइतकंच अल्कोहोल. शंभरातलं एक्याण्णव.

त्या बाराही फेऱ्या फोरमनच्या हातून झाल्या होत्या. पोलादी भांड्याला लॅबमध्ये सगळे बाँब म्हणत. बाँबचे सहा बोल्ट समोरासमोरच्या जोडीने सोडवायचे, काळं पाणी गाळणकागदावर ओतायचं, पंप लावायचा, कागदावर राहिलेली पूड तीनदा धुवायची, रात्रभर भट्टीत वाळवायची, सकाळी तोलायची, परत बाँबमध्ये. "दर फेरीला पाच ग्रॅम," असं मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मोठ्या वहीत वजनाचा रकाना होता आणि त्यात फोरमनच्या टपोऱ्या अक्षरात बारा वेळा लिहिलेलं होतं: ५.०००.

या बाराच्या आकड्यावर बरंच काही उभं होतं. महिनाअखेरीला कामाची मुदत संपत होती. एका कंपनीने ही रीत घेतली तर तीन वर्षं वाढणार होती. फोरमनची नोकरी या कामाला बांधलेली, आणि त्याच्या बायकोचं हॉस्पिटलचं कार्ड त्या नोकरीला. दर तीन आठवड्यांनी ते कार्ड खिडकीत सरकवलं की शिक्का बसे आणि आत तिच्या हातात सुई जाई. नोकरी गेली तर कार्ड गेलं. हे गणित फोरमनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मंगळवारी कंपनीची माणसं पहिल्यांदा आली. दोन कोटवाले आणि त्यांच्याबरोबर प्लँट सांभाळणारा एक वयस्क गृहस्थ, ज्याच्या नखांत अजून ग्रीस होतं. फोरमन दाराशी उभा होता, नंतर बाँब उघडून दाखवायचा होता म्हणून. मॅडमनी पडद्यावर तक्ता दाखवला. कोटवाल्यांनी माना हलवल्या. ग्रीसवाल्याने मात्र चष्मा वर केला.

"बाराही वेळा पाचच ग्रॅम?"

"पाच पूर्णांक शून्य शून्य शून्य," मॅडम म्हणाल्या.

"गाळणकागदाला काहीच लागत नाही तुमच्याकडे? आमच्याकडे तर बुटांनासुद्धा लागतं."

सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि दाराकडे हात करून म्हणाल्या, "आमच्या फोरमनचा हात आहे तो. कणसुद्धा वाया जाऊ देत नाहीत."

सगळ्यांनी वळून फोरमनकडे पाहिलं. कौतुकाने. आणि फोरमनच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण लागायचं. का नाही लागणार? कागदाला लागायचं, नरसाळ्याला लागायचं, बाँबच्या तळाला बोटाने खरवडलं तरी न निघणारा काळा थर राहायचा. पाच ग्रॅम गेलेली पूड चार पूर्णांक सहा होऊन परत यायची. आणि फोरमन दर वेळी शेल्फावरची ताज्या पुडीची बाटली काढून, चमच्याच्या टोकाने, श्वास रोखून, काटा पाचवर येईपर्यंत भर घालायचा. कमी भरलेली खेप चढवायची नाही. इतकी वर्षं हाताला लागलेली सवय, तिच्याबद्दल कुणाला काय सांगायचं? चूळ भरली हे कुणी वहीत लिहितं का?

आज त्या पडद्यावर बघताना त्याला पहिल्यांदा कळलं की या लोकांना पूड किती उरते हेच बघायचं होतं. बारा फेऱ्या एकाच पुडीने झाल्या नव्हत्या. प्रत्येक फेरीत थोडी ताजी पूड जात होती आणि कदाचित सगळं काम तीच करत होती.

त्या दिवशी त्याने बाँब उघडून दाखवला, तेव्हा एक बोल्ट हातातून निसटून ग्रीसवाल्याच्या बुटावर पडला. "असू दे," तो म्हणाला, "आमच्याकडे बोल्टसुद्धा पडतात." शुक्रवारी परत येऊन सह्या करायचं ठरलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. फोरमनने चोरी केली नव्हती, पण चांदणं पुरेपूर पडलं. बसमध्ये समोरचा माणूस नुसता बघत होता तरी त्याला वाटलं, याला कळलंय. खिशातली छोटी डायरी त्याने दोनदा चाचपली. ही त्याची कारखान्यापासूनची दुसरी खोड: जे परत आलं आणि जी भर घातली, ते पेन्सिलीने स्वतःपुरतं लिहून ठेवायचं. परत ४.६१, भर ०.३९. परत ४.५८, भर ०.४२. त्याने बसमध्येच बेरीज केली. अकरा भरींचे मिळून साडेचार ग्रॅम. जवळजवळ अख्खी एक नवी खेपच त्याने चिमटीचिमटीने आत ढकलली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. डायरी त्याच्या खिशात, भर त्याच्या डोक्यात, आणि शुक्रवारपर्यंत तोंड बंद ठेवलं तर कार्ड तीन वर्षं चालू. विचार वाईट होता, पण तो आला, आणि आला तो सरळ आला, लाजतबिजत नाही.

बुधवारी बायकोच्या सुईची पाळी होती. हॉस्पिटलच्या लांब बाकावर दोघं दोन तास बसली. मग खिडकीत कार्ड, शिक्का, आणि आत सिस्टर. सिस्टरने नेहमीप्रमाणे वजनाची वही मागितली. उपचार सुरू झाले तेव्हा त्यांनी बजावून सांगितलं होतं, की दर शनिवारी सकाळी, उपाशीपोटी, घरच्या काट्यावर वजन करून लिहा; औषधाची मात्रा वजनावर ठरते; दोन किलोंनी जरी उतरलं तरी लगेच कळवा. वही फोरमनच लिहीत असे. सिस्टरने पानावर बोट फिरवलं. ४६.०, ४६.०, ४६.०. सात आठवडे.

"छान," सिस्टर म्हणाली. "वजन टिकून आहे. तेवढीच मात्रा देऊ."

वॉर्डातल्या काट्यापुढे मोठी रांग होती आणि सिस्टरला आणखी चौदा माणसं बघायची होती. तिने आकडा उतरवून घेतला.

औषध बायकोला जड जायचं. या वेळी फारच जड गेलं. गुरुवारी सकाळी ती मोरीत बसून होती, पाठ भिंतीला टेकून, डोळे मिटून. फोरमनने तिच्या हातावरचं घड्याळ काढून ठेवलं. त्याच्या पट्ट्याला त्याने गेल्या महिन्यात तापल्या खिळ्याने एक जादा भोक पाडून दिलं होतं, तरी ते कोपरापर्यंत सरकत होतं.

"जा तुम्ही कामाला," ती म्हणाली. "मी काही पळून जात नाही. पळायला ताकद कुठाय?"

तो गेला नाही. तिथेच उंबऱ्यावर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. पाच ग्रॅम, भर, बारा फेऱ्या, शुक्रवार. कार्डाचंही सांगितलं, कारण तिला ते माहीतच होतं.

तिने डोळे न उघडता ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि नाहीच सांगितलं तर?"

"ते लोक मोठ्या भांड्यात घालतील. हजार लिटरच्या. त्यांच्याकडे भर घालायला मी नसेन. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सगळं बसेल. मग मॅडमना धरतील. सहा वर्षांचं काम आहे बाईंचं."

"मग सांगून टाका."

"आणि तुझं?"

"माझं मी बघते." मग डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अवघड असतं हो पण सांगणं. दिवस गेले की आणखीच अवघड होतं."

फोरमनला वाटलं, ही आपल्याबद्दल बोलतेय.

लॅबमध्ये पोचला तेव्हा मॅडम शुक्रवारचे कागद लावत होत्या. फोरमन त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि बोलायची तयारी करून आलेलं सगळं विसरला. त्याने डायरी काढून कागदांवर ठेवली.

"काय आहे हे?"

"खरी वजनं."

मॅडमनी वाचायला सुरुवात केली. एक पान, दोन पानं. केसांतला चष्मा काढून डोळ्यांवरच्या चष्म्यावर लावला, तो पडला, त्यांनी उचलला नाही. मग मोठी वही ओढली आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवत गेल्या. फोरमन उभाच होता. त्याला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाच ग्रॅम घ्या, असं मीच सांगितलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तुम्ही सांगितलंत एक, मी केलं एक. चूक माझी आहे, मॅडम. कारखान्याची सवय."

"बसा, फोरमन."

तो बसला.

"सहाव्या फेरीला माझ्या मनात आलं होतं, विचारावं," मॅडम म्हणाल्या. "मी रोज हा रकाना बघत होते. पाच शून्य शून्य शून्य. वापरलेली वस्तू कधी पहिल्याइतकीच भरते का? कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेल्या मुलालासुद्धा कळेल. पण मी फार दमले होते हो. आणि आकडा चांगला होता. आकडा चांगला आला की माणूस विचारत नाही."

मग त्यांनी उठून कोट चढवला. बाराव्या फेरीची वाळवलेली पूड कुपीत होती. "आहे तेवढीच घाला," त्या म्हणाल्या. "भर नाही."

फोरमनने तोलली. चार पूर्णांक सहा शून्य. हात ताज्या बाटलीकडे आपोआप गेला आणि त्याने तो खिशात घातला. बाँबचे सहा बोल्ट आवळले, आच लावली. पाच तास दोघं एकाच खोलीत बसून राहिली. संध्याकाळी यंत्रातून कागद बाहेर आला. त्यावर दोन टेकाडं असतात, एक ऑलिफिनचं, एक अल्कोहोलचं. बाराही फेऱ्यांत अल्कोहोलचं उंच आणि ऑलिफिनचं जेमतेम फोडाएवढं असे. आज उलटं होतं. शंभरातलं अडतीस.

"आडातच नव्हतं," मॅडम म्हणाल्या, "मग पोहऱ्यात तुम्ही वरून ओतत होतात."

आणि हसल्या. फोरमनला ते हसू बघवलं नाही. तो बाँब धुवायला गेला.

शुक्रवारी मॅडमनी पाहुण्यांना सगळं सांगितलं. फोरमनचं नाव घेतलं नाही. "आमच्या तोलण्यात चूक झाली," एवढंच म्हणाल्या, आणि अडतीसचा कागद पुढे ठेवला. कोटवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पिशव्या उचलल्या. संस्थेचे मोठे साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. ग्रीसवाला गृहस्थ तेवढा दाराशी थांबला, फोरमनजवळ.

"भर घालत होतात ना?" त्याने हळूच विचारलं.

फोरमनने मान हलवली.

"मीही घालतो," तो म्हणाला. "पण आम्ही लिहितो."

सह्या झाल्या नाहीत. पाहुणे गेल्यावर मॅडम आणि फोरमन दोघांनी मिळून काचसामान विसळलं. महिना संपायला अजून तीन आठवडे होते. "तोवर खऱ्या फेऱ्या करू," मॅडम म्हणाल्या. "पहिल्यापासून. तीन होतील, चार होतील, होतील तेवढ्या." फोरमन हो म्हणाला. पुढच्या वेळी खिडकीत कार्ड सरकवलं की शिक्का बसेल, त्याच्या पुढच्या वेळचं माहीत नाही, एवढं त्याने मनात मोजून घेतलं. हरल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत होती ती नुसती झोप.

शनिवारी सकाळी त्याने नेहमीप्रमाणे चहा टाकला, काटा पलंगाखालून ओढून मधोमध ठेवला आणि वही घेतली. बायको तिचा लांब घरकोट घालून, वरून शाल घेऊन आली. तिला हल्ली सारखी थंडी वाजायची. ती काट्यावर चढली. तिला खालचा आकडा दिसत नसे, म्हणून दर शनिवारी फोरमन गुडघे टेकून बसे आणि वाचून दाखवी.

"किती?" तिने विचारलं.

"शेहेचाळीस," तो म्हणाला. "पूर्णांक शून्य."

"हं. बघा. टिकून आहे."

त्याने वही उघडली. वरच्या सात ओळींखाली आठवी ओळ लिहायला पेन टेकवलं आणि ते टेकलेलंच राहिलं. ४६.०. ४६.०. ४६.०. मोरीत काढलेले दोन दिवस. पट्ट्याचं जादा भोक. आणि वजन मात्र एका ग्रॅमने हललेलं नाही. वापरलेली वस्तू कधी पहिल्याइतकीच भरते का?

त्याने समोर पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर तिचे पाय होते. घोट्याची हाडं वर आलेली, कातडी सैल. एवढ्या जवळून तो ते पाय आठ आठवडे बघत होता आणि त्याने पाहिले नव्हते. आकडा चांगला होता.

तो उठला. कपाटाशी गेला, खाली वाकला आणि खालच्या कप्प्यातून लाकडी पेटी ओढली. झाकणावर धूळ नव्हती. आत मखमलीचे चार खळगे रिकामे होते. दोन किलोचा. एक किलोचा. दोनशेचा. शंभराचा.

तीन किलो तीनशे. डोक्यातली वजाबाकी त्याने थांबवायचा प्रयत्न केला, पण ती त्याच्या आधीच होऊन गेली होती.

तो परत आला तेव्हा बायको काट्यावरच उभी होती, दोन्ही हात घरकोटाच्या खिशांत. ती पेटीचा आवाज ओळखत होती.

"दर शुक्रवारी," ती म्हणाली. "तुम्ही कामाला गेलात की वजन करायचं, मग चष्मा लावून हिशोब करायचा, किती कमी पडतंय त्याचा. पहिल्यांदा शंभरचं एकच लागलं होतं."

"अगं पण औषध..." फोरमन म्हणाला. "अगं, औषध वजनावर देतात ना. तुला झेपत नव्हतं ते. शेहेचाळीसचं देत होते ते तुला."

"माहीत आहे मला."

"मग का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पहिल्या महिन्यात एकदा अर्धा किलो उतरून शेहेचाळीस झालं होतं. आठवतं? तुम्ही आकडा वाचलात आणि तसेच उठून गेलात. चहा तसाच ठेवून. दिवसभर जेवला नाहीत. रात्री अंधारात उठून बसलात. मला वाटलं, या आकड्यावरच हा माणूस उभा आहे. मग म्हटलं, आकडा राहू दे तेवढाच. एका शनिवारपुरतं केलं. पुढच्या शनिवारी कसं सांगायचं? मग तिसरा शनिवार आला."

त्याने हात पुढे केले, दोन्ही, ओंजळीसारखे. तिने आधी दोन किलोचं वजन काढून ठेवलं. त्याचा हात खाली गेला. मग एक किलोचं. मग दोनशे. शेवटचं शंभरचं खिशाच्या शिवणीत अडकलं होतं, ते तिने ओढून काढलं. पितळ तिच्या अंगाच्या उबेने कोमट झालेलं होतं.

वजनं त्याने जमिनीवर ठेवली आणि परत गुडघे टेकले. काट्याचे आकडे थोडे लुकलुकले आणि स्थिर झाले.

"वाचा," ती म्हणाली.

"बेचाळीस पूर्णांक सात."

"मोठ्याने वाचलंत. बरं वाटलं." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तोल सावरायला की आणखी कशाला, ते तिलाच माहीत. "आता लिहा."

त्याने लिहिलं. ४२.७. मग वरच्या ओळींपाशी पेन नेलं आणि विचारलं, "मागचे आठवतात?"

"सगळे," ती म्हणाली, आणि पाठ असल्यासारखे एकेक सांगत गेली. या पानावरचे पहिले दोन शनिवार खरे होते. त्याने पुढच्या पाच शेहेचाळिसांवर रेघ मारली आणि शेजारी त्याच टपोऱ्या अक्षरात खरा आकडा लिहिला. मग हॉस्पिटलच्या नंबरावर फोन लावला. सिस्टर यायची होती. थांबतो, तो म्हणाला.

कानाला फोन धरून तो पलंगाच्या कडेला बसला. बायको शेजारी येऊन बसली. तिने टेबलावरचा चहा उचलून त्याच्या रिकाम्या हातात दिला आणि त्याच्याकडे बघत राहिली. चहा गार झाला होता, वर साय धरली होती. घोट उतरत नव्हता. तरी ती बघत होती म्हणून फोरमनने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.